मोरीचा नळ आणि भोवतीची माती

शहरातल्या मुलांना 'मोरी' म्हटले की घरातली भांडी घासण्याची जागा आठवते. खेड्यात मात्र रस्त्याखालून ओढ्याचे किंवा चराचे पाणी पलीकडे नेणारी वाट म्हणजे मोरी. तिच्यावरून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, शाळेची गाडी जाते, पण वाकून तिच्यात डोकावण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आपल्याकडे अशा मोरीत बहुधा सिमेंटचा पाइप असतो. अमेरिकेत मात्र शेतांवरच्या रस्त्यांखाली शंभराहून अधिक वर्षे जस्ताचा मुलामा दिलेल्या पन्हळी पत्र्याचे नळ पुरले गेले. त्यांतले कित्येक आता तळाशी गंजून गेले आहेत आणि ते बदलणे हे तिथल्या शेतकऱ्याचे नेहमीचे काम होऊन बसले आहे. काम साधे वाटते: जुना नळ उपसावा, नवा टाकावा, वर माती लोटावी. पण जुना नळ इतकी वर्षे कशाच्या बळावर उभा होता, हे समजल्याखेरीज नवा नीट बसत नाही. आणि ते समजायला इंजिनियरांनाही बराच काळ लागला.

आधी पत्र्याकडे पाहू. लंडनच्या गोदीत काम करणारे इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. युक्ती साधी आहे. वहीचा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला तर स्वतःच्या वजनानेच वाकतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून ठेवला तर तो खडूची पेटीही पेलतो. जाडी तीच, पण आकारामुळे ताठपणा आला. लोखंडाच्या पातळ पत्र्याचे छप्पर त्यामुळे शक्य झाले. अडचण एकच होती, गंज.

गंजावरचा उपाय लोखंडावर नव्हे, तांब्यावर प्रथम शोधला गेला. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असे आणि समुद्राच्या पाण्यात तो झिजत असे. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली दाखवले, की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते. अधिक क्रियाशील धातू स्वतःचा बळी देऊन दुसऱ्याला वाचवतो. प्रयोग यशस्वी झाला आणि म्हणूनच फसला! तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचे विषही पाण्यात उतरेना. मग जहाजांच्या तळांवर शिंपले आणि शेवाळ माजले आणि जहाजे मंदावली. आरमाराने तो नाद सोडून दिला. तत्त्व मात्र खरे होते. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अशा पत्र्यावर ओरखडा उठला तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि उघडे पडलेले लोखंड काही काळ तगते. वर्गात दोन स्वच्छ खिळे घ्यावेत, एकाला जस्ताची पट्टी व दुसऱ्याला तांब्याची तार गुंडाळावी आणि दोन्ही मिठाच्या पाण्यात ठेवावेत. काही दिवसांत फरक उघड दिसतो.

पन्हळी आणि जस्त यांची गाठ नळाच्या रूपाने पडली ती १८९६ मध्ये, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात क्रॉफर्ड्सव्हिल या गावी. तोवर मोऱ्या दगडाच्या, लाकडाच्या, ओतीव लोखंडाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या असत. दगडाला गवंडी लागे, लाकूड कुजे, ओतीव लोखंड अतोनात जड आणि मातीचा नळ तडकणारा. पत्र्याचा नळ मात्र घोडागाडीत टाकून कुठेही नेता येई.

पण येथे एक कोडे उभे राहिले. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. असा मोठा नळ उघड्यावर ठेवून वरून भार दिला तर तो चपटा होतो. मग तोच नळ मीटर-दीड मीटर माती आणि वरून जाणारी भरलेली गाडी कसा पेलतो?

उत्तराचा पहिला अर्धा भाग आयोवा राज्यातल्या शेतांत सापडला. ही जमीन सुपीक पण पाणथळ. ती कोरडी करण्यासाठी शेतकरी खोल चर खणून त्यांत भाजक्या मातीचे व सिमेंटचे नळ पुरत. मोठे नळ पुरू लागल्यावर ते जमिनीखालीच तडकू लागले आणि खर्च पाण्यात गेला. एम्स येथील आयोवा राज्य महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकवणारे अॅन्सन मार्स्टन यांनी नळावर खरोखर किती भार येतो हे मोजायला घेतले आणि १९१३ साली अँडरसन या सहकाऱ्यासह निष्कर्ष प्रसिद्ध केले. चरात भरलेली माती खाली बसू लागते तेव्हा चराच्या भिंती तिला घर्षणाने धरून ठेवतात. त्यामुळे नळावर येणारा भार वरच्या मातीच्या पूर्ण वजनाहून कमी असतो. जर्मनीत यान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांबाबत हेच दाखवले होते. दोन्ही टोकांना उघडी, अरुंद नळी तराजूच्या पारड्याच्या अगदी जवळ, पण त्याला टेकणार नाही अशी धरून तिच्यात तांदूळ ओतत जावे. काही उंचीनंतर कितीही ओतले तरी पारड्यावरचे वजन फारसे वाढत नाही.

याचा दुसरा अर्थ व्यवहाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. चर रुंद केला की भिंती दूर जातात आणि भार वाढतो. एका मर्यादेपर्यंत, रुंदी दुप्पट केली तर भार दुपटीहूनही अधिक वाढतो. ठेकेदार जेसीबीने ऐसपैस खड्डा काढतो तेव्हा काम झटपट होते, पण कडक नळाच्या डोक्यावर तो जास्तीचे ओझे लादत असतो. (अर्थात अरुंद आणि उभ्या भिंतींच्या खोल चरात आधार न लावता माणूस उतरवणे हा शुद्ध अविचार आहे. भिंत ढासळायला क्षणही लागत नाही.)

दुसरा अर्धा भाग मार्स्टन यांचे शिष्य मर्लिन स्पँगलर यांनी १९४१ मध्ये मांडला. पत्र्याचा नळ भाराखाली किंचित बसतो. वरून दबतो आणि दोन्ही कुशींना फुगतो. फुगताना तो बाजूच्या मातीला रेटतो आणि माती त्याला उलट रेटते. हा बाजूचा रेटाच त्याला अधिक चपटे होऊ देत नाही. पोस्टकार्डाची गोल नळी करून टेबलावर आडवी ठेवावी व वर पुस्तक ठेवावे, ती चेपते. तीच नळी खोक्यात दोन्ही बाजूंनी वाळू ठासून पुरावी, वर वाळूचा थर द्यावा आणि मग पुस्तक ठेवावे. नळी तीच, कागद तोच, पण आता ती टिकते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर शोध हाच. मोरीत ओझे वाहण्याचे निम्मे काम माती करते आणि नाव मात्र नळाचे होते.

आता गंजलेल्या नळाकडे परत येऊ. तो बहुतेक वेळा तळाशीच का जातो? पावसाळा सरला तरी बारीक धार तळातूनच वाहते आणि पुरात वाळू-गोटेही तळालाच घासतात. जस्त तिथे आधी संपते, मग लोखंड. तळ गेला तरी वरची कमान मातीच्या आधाराने उभी राहते, म्हणून मालक निश्चिंत असतो. पण पाणी आता नळाखालून वाट काढते आणि माती थोडी थोडी धुऊन नेते. ज्या मातीने नळाला कुशीला धरले होते तीच निघून जाते. रस्त्यावर चाकोरीच्या जागी खळगा पडतो, तो मुरूम टाकून बुजवला जातो, पुढच्या पावसात पुन्हा पडतो. असा हट्टी खळगा दिसला की मुरूम आणण्यापूर्वी बॅटरी घेऊन मोरीत डोकवावे, तेही बाहेरूनच. एखाद्या मुसळधार रात्री रस्ता आत बसतो तेव्हा वर कोण असेल ते सांगता येत नाही.

नवा पत्र्याचा नळ बसवताना म्हणूनच खरी मेहनत बाजूच्या भरावावर करावी लागते. पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर, दोन्ही बाजूंना सारखे, आणि प्रत्येक थर चोपून. नळाच्या खालच्या बगलेत फावडे पोचत नाही. तिथे आडव्या धुमसाने माती ठासावी लागते, आणि बहुतेक जण नेमका हाच भाग सोडून देतात.

खोदायचेच नसेल तर जुन्या नळात लहान, गुळगुळीत नळ सरकवून मधल्या फटीत पातळ काँक्रीट भरतात. नळ लहान झाला तर पाणी तुंबणार नाही का? आयर्लंडचे इंजिनियर रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली मांडलेल्या सूत्रात खडबडीतपणाचा अंक येतो. पन्हळी पत्र्यासाठी तो सुमारे ०.०२४, तर गुळगुळीत नळासाठी सुमारे ०.०१२ धरतात. त्या हिशेबाने ९० सेंटिमीटरच्या पन्हळी नळात ७५ सेंटिमीटरचा गुळगुळीत नळ घातला तर तो जुन्याच्या सव्वापट पाणी नेऊ शकतो. पण हा हिशेब घर्षणापुरता आहे. आखूड मोरीत पुष्कळदा पाणी अडते ते तोंडाशी, आणि तोंडाचे क्षेत्रफळ तर तीस टक्क्यांनी घटलेले असते. आकडेमोड करणारा तोंड विसरला तर पुराचे पाणी रस्त्यावरून जाते.

आपल्याकडचा सिमेंट पाइप वेगळ्या कुळातला. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये लोखंडी सळ्यांच्या जाळीभोवती काँक्रीट घालून साचा वेगाने फिरवण्याची पद्धत काढली. केंद्रोत्सारी परिणामाने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबले जाऊन घट्ट होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली, आणि 'ह्यूम पाइप' हा शब्द गावोगावच्या गवंड्यांच्या तोंडी बसला. हा नळ फुगून मातीचा आधार घेत नाही. तो कडक असतो, आणि जास्त भार आला तर तडकतो. म्हणून त्याला बाजूइतकीच खालून बैठक लागते. चराचा तळ नळाच्या पोटाच्या गोलाईप्रमाणे कोरायचा, आणि जोडाच्या जाड गळ्याखाली थोडी माती आणखी काढायची, म्हणजे नळ दोन टोकांवर टेकून मध्ये अधांतरी राहत नाही.