दोन पल्समधला वेळ कोण मोजतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेनं विचारलेला प्रश्न वेळेअभावी अर्धाच राहिला होता. आज तिथूनच सुरुवात करतो.

त्यांना एका प्रयोगासाठी स्टेपर मोटर फिरवायची होती. सेकंदाला ५०० पल्स, अगदी सारख्या अंतरानं. महाविद्यालयाच्या तुटपुंज्या अनुदानातून त्यांनी यूएसबीला जोडायचं एक डेटा ॲक्विझिशन यंत्र घेतलं. माहितीपत्रकात ‘डिजिटल आउटपुट’ लिहिलेलं होतं, ‘काउंटर’ही होता. जोडणी केली, तर मोटर कधी सावकाश फिरे, कधी अडखळे, कधी नुसतीच थरथरे. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्यातला काउंटर बाहेरून येणाऱ्या पल्स मोजायचा, स्वतः एकही पाठवायचा नाही. आणि आउटपुटची तार वर-खाली व्हायची ती संगणकाकडून दर वेळी नवी आज्ञा आली तरच. पैसे तर खर्च होऊन गेले होते.

म्हणजे प्रश्न किमतीचा दिसतो, पण खरा आहे तो असा : दोन पल्समधला वेळ कोण मोजतंय? संगणकावरचा प्रोग्राम, की वेगळं घड्याळ?

आता मागे जाऊ, १९८१ मध्ये. आयबीएमनं पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यात इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. तिच्यात १६ बिटांचे तीन काउंटर. एक संगणकाची वेळ सांभाळायचा, दुसऱ्याच्या इशाऱ्यावर मेमरी ताजी ठेवली जायची, तिसरा स्पीकरला सूर द्यायचा. या तिघांना ठोके मिळायचे सेकंदाला ११,९३,१८२. आता हा आकडा असा वेडावाकडा का? तर मुख्य बोर्डावरचा स्फटिक होता १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगवाहक लहरीच्या बरोबर चौपट. त्याच्यामुळे टीव्हीला चित्र पाठवणं सोपं व्हायचं आणि एकाच स्फटिकावर सगळं भागायचं. त्याला ३ नं भागलं की प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ, १२ नं भागलं की टायमरचा ठोका. आपल्या संगणकाच्या काळाचं माप ठरलं ते टीव्हीच्या हिशेबानं! (हशा)

या चिपची खुबी अशी, की प्रोग्रामनं तिच्यात एकदा आकडा भरला की पुढची मोजणी ती स्वतः करते. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला तरी तिच्या पल्स चुकत नाहीत. याच कुळातले काउंटर पुढे मापनाच्या कार्डांवर बसले. पण ती कार्डं महाग. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत बहुतेकांनी धरली ती प्रिंटरची वाट. पॅरलल पोर्टच्या २५ पिनांपैकी ८ पिना डेटाच्या. ठरलेल्या पत्त्यावर १ लिहिला की एक तार वर, ० लिहिला की खाली. मधे एक रिकामा लूप फिरवायचा, झाली पल्स. खर्च एका केबलचा. डॉसमध्ये हे छान चालायचं, कारण सगळं मशीन त्या एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असायचं.

मग विंडोज आलं आणि ही वाट अरुंद झाली. एनटी घराण्यातल्या विंडोजनं प्रोग्रामला पोर्टवर थेट लिहायची मनाईच केली. शिवाय प्रोसेसर आता अनेक प्रोग्रामांत वाटला गेलेला. विंडोजचा नेहमीचा ठोका साधारण १५.६ मिलिसेकंदांचा, आणि आपल्या बाईंना दर २ मिलिसेकंदाला एक पल्स हवी. त्यात तार वर करायची एक आज्ञा, खाली करायची दुसरी, म्हणजे सेकंदाला १००० आज्ञा, त्याही यूएसबीवरून. सरासरी एखाद वेळी जमेलही, पण मोटर सरासरीवर फिरत नाही.

याच अडचणीतून एक वळण आपल्या देशात घेतलं गेलं, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा होत नाही. नवी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनं कॉलेजांसाठी ‘फिनिक्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यांचं सुरुवातीचं यंत्र पॅरलल पोर्टलाच जोडायचं. पुढे ‘फिनिक्स-एम’मध्ये त्यांनी मायक्रोकंट्रोलर बसवला आणि वेळ मोजायचं काम संगणकाकडून काढून त्याच्याकडे दिलं. त्याच वाटेनं ‘एक्सपआइज’ आलं. त्यात चौकोनी लहरींचं आउटपुट आहे, आणि आराखडा सगळ्यांना खुला आहे. प्रवेगक चालवणारी माणसं बीएस्सीच्या मुलांसाठी स्वस्त पेटी बनवतात, याचं मला फार अप्रूप आहे.

तिकडे इटलीतल्या इव्हरिया गावात, डिझाइनच्या संस्थेत, एर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं २००३ मध्ये ‘वायरिंग’ सुरू केलं आणि २००५ मध्ये तिथूनच आर्डुइनो आलं. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये तीन टायमर आहेत आणि ठोका १६ मेगाहर्ट्झचा. पीसीतल्या त्या ८२५३ ला मिळायचा त्याच्या तेरापट! एक सांगून ठेवतो : उनोवर मुख्य चिपला क्वार्ट्झ नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्यामुळे हजारात काही पल्सांचा फरक पडू शकतो. मोटरला चालेल, वारंवारतेच्या प्रमाणीकरणाला नाही.

‘मग ५५५ का नको?’ अशी चिठ्ठी आलीय. हान्स कामेनझिंड यांची ही चिप १९७२ पासून बाजारात आहे, आजही काही रुपयांत मिळते. नुसत्या पल्स हव्या असतील तर जरूर घ्या. पण ‘बरोबर २०० पल्स दे आणि थांब’ हे तिला एकटीला जमत नाही.

बाईंना मी सांगितलं, ते यंत्र अडगळीत टाकू नका. पल्स द्यायला एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या, आणि त्याच्या पल्स तुमच्या यंत्राच्या काउंटरला जोडा. १०० सेकंदांत ५०,००० च्या आसपास यायला हव्यात. मोजायचं काम ते यंत्र चोख करेल. आणि मोटर थेट बोर्डाच्या पिनला जोडू नका, पिन जळेल. मधे ड्रायव्हर हवाच. हं, आता मागच्या रांगेतला प्रश्न घेऊ.