जर्मेनियमची गळती

सिग्नल्समध्ये सतरा वर्षं मी एकच काम केलं. सेटवरचा आवाज स्वच्छ करायचा. आमच्याकडे फाटका आवाज म्हणजे चुकीचा ऐकलेला ग्रिड रेफरन्स, आणि त्याचे परिणाम इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नकोत.

बेंगळुरूच्या पोस्टिंगला पहिल्यांदाच फॅमिली क्वार्टर मिळालं आणि अकरावीतल्या मुलाबरोबर सलग राहण्याचा योग आला. तो गिटार वाजवतो हे मला फोनवरूनच ठाऊक होतं. एक दिवस म्हणाला, "बाबा, फझ पेडल बनवायला मदत कराल?" गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये लावायचा, पायाने चालू-बंद करायचा हा डबा. आवाज कसा असतो विचारलं तर त्याने मोबाइलवर ऐकवला. मी म्हटलं, "अरे, हा तर बिघडलेला सेट!" तो काही न बोलता आत गेला.

रात्री वाईट वाटलं म्हणून वाचत बसलो. माझं बोलणं माहितीच्या अंगाने चूक नव्हतं. या आवाजाची सुरुवात खरोखरच बिघाडातून झाली. १९६० साली अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिनचा बास गिटार मिक्सरच्या ज्या चॅनलमधून येत होता तो चॅनल नादुरुस्त झाला आणि आवाज भुंग्यासारखा गुरगुरू लागला. तो तसाच ठेवला, गाणं चाललं. मग लोक तोच आवाज मागू लागले. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तो मुद्दाम काढणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट एका सहकाऱ्याबरोबर तयार केलं. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'मॅस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आणलं. सुरुवातीला गिऱ्हाईक फार फिरकलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो डबा वाजला आणि मग मागणी पुरी होईना.

पुढचं नाव जिमी हेंड्रिक्सचं. पॅराच्या दोस्तांसाठी सांगतो, हा १९६१-६२ मध्ये अमेरिकेच्या १०१ एअरबोर्नमध्ये होता. शिपाई म्हणून फारसा चांगला नव्हता. त्याच्यासाठी 'ऑक्टेव्हिया' नावाचं पेडल बनवणारा रॉजर मेयर त्याआधी ब्रिटिश नौदलासाठी कंपनं आणि ध्वनीच्या विश्लेषणाचं काम करत होता. म्हणजे माझ्यासारखाच, आवाज स्वच्छ करणाऱ्यांच्या गोटातला माणूस. हे वाचून जरा बरं वाटलं.

आता बेंगळुरू. लष्कराच्या वायरलेस सेटसाठी सतत परदेशाकडे बघावं लागू नये म्हणून १९५४ मध्ये जलहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली. फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीचं सहकार्य होतं. १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तिथे बनू लागले. १९६२! तिकडे फझ-टोन दुकानात आला ते साल, आणि इकडे आपलं ते साल. पुढे बीईएलचे एसी १२८ घरोघरच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत बसले. तोच एसी १२८ परदेशात साठच्या दशकातल्या अनेक फझ पेडलमध्येही होता. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट गळू देतो, आणि उष्णता वाढली की गळती वाढते. दर दहा अंशांना साधारण दुप्पट धरा. म्हणून सिलिकॉन आल्यावर सगळ्यांनी जर्मेनियम टाकून दिला. गिटारवाल्यांनी मात्र तो शोधून शोधून गोळा केला.

रविवारी आम्ही दोघं एसपी रोडला गेलो. जुन्या रेडिओंच्या सामानातून दहा एसी १२८ मिळाले. १९६६ च्या 'फझ फेस' पेडलचं सर्किट घेतलं: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. एवढंच! हे ट्रान्झिस्टर पीएनपी, म्हणून बॅटरीचा प्लस अर्थला जातो. पोराने आधी नेहमीच्या अॅडॉप्टरवरच लावायला घेतलं होतं, तेवढं मी अडवलं.

सकाळी पेडल झकास वाजलं. दुपारी बंद. संध्याकाळी परत चालू. त्याला वाटलं ड्राय सोल्डर आहे, म्हणून सगळे जोड पुन्हा तापवले. दुसऱ्या दुपारी परत तेच. मग मी त्याला प्रोब करून दिला: एक वायर, टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दुसरं टोक अँप्लिफायरला. इनपुटपासून एकेक जोडाला टेकवत जायचं, जिथे आवाज मरतो तिथे रोग. लाइनवरचा फॉल्ट आम्ही असाच शोधतो. आवाज दुसऱ्या ट्रान्झिस्टरपाशी मरत होता. त्याच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट हवेत, तिथे साडेआठ दिसले. तो बंद पडला होता.

पण दोष त्याचा नव्हता. मी पहिला ट्रान्झिस्टर बोटांच्या चिमटीत धरून ठेवला आणि मीटरचा आकडा वर सरकू लागला. सोडल्यावर हळूहळू उतरला. पहिला गळत होता आणि त्या गळतीने दुसऱ्याला दाबून ठेवलं होतं. पोरगा मीटरकडे बघत म्हणाला, "बाबा, परत धरा."

मग दहाही ट्रान्झिस्टर बेस मोकळा सोडून मोजले. सर्वांत कमी गळणारा पहिल्या जागी लावला, जरा जास्त गळणारा दुसऱ्या जागी, आणि ८.२ किलोओहमच्या जागी प्रीसेट बसवून साडेचार व्होल्ट जुळवले. एप्रिलच्या दुपारीही पेडल वाजलं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या या हवेचाही त्यात वाटा आहे.

आता ऑर्डर आली आहे, राजस्थानची. तिथल्या मे महिन्यात हे पेडल टिकणार नाही, हे त्यानेच मला सांगितलं. त्याने सिलिकॉनचा दुसरा बोर्ड करायला घेतलाय. काल रात्री त्यात आवाज येत नव्हता. मी जेवत होतो. मला हाक न मारता त्याने प्रोब उचलला आणि इनपुटपासून सुरुवात केली.