पाटणचा मठ आणि धान्याची रास

चाळीसगावजवळचे पाटण म्हटले की आपल्याला चंडिकादेवीची ओटी आठवते. पण तेथील देवळातला शिलालेख गणिताच्या पाठशाळेचा आहे, हे पुष्कळजणींच्या कानावर नसेल.

'लीलावती' रचणारे भास्कराचार्य इ. स. १११४ मध्ये जन्मले. त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ स्थापला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली त्याला दान दिले. लेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे. दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात ठरवले आहे. राजाबरोबर तेल्याचाही हात त्या विद्येला लागला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला.

'लीलावती'त नुसती सूत्रे नाहीत. खळ्यावरची रास न मापता तिचा अंदाज कसा काढावा, हेही त्यात आहे. सपाट जमिनीवरच्या राशीचा घेर दोरीने मोजावा. हरभऱ्यासारख्या जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी, मोहरीसारख्या बारीक धान्याची अकराव्या आणि कुसाच्या साळीची नवव्या हिश्शाइतकी धरावी. कूस एकमेकांत अडकते म्हणून ती रास उंच राहते. बारीक दाणा घसरून पसरतो. सूप हाती धरणाऱ्या बाईला हे सांगायला नको!

मग घेराचा सहावा भाग त्यानेच गुणावा आणि उंचीने गुणावा. जाड धान्याचा घेर ६० हात असला तर उंची ६ हात. सहावा भाग १०. दहा दाहे शंभर, त्याची सहापट ६००. म्हणजे हातभर लांब, रुंद व उंच अशी ६०० मापे. आजच्या हिशेबाने सुमारे ५७३ भरतात, कारण येथे परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. सूक्ष्म मान आचार्यांना ठाऊक होते, त्याच ग्रंथात ते दिलेही आहे. पण खळ्यावर झटपट हिशेब हवा असतो. कोठे किती अचूकपणा लागतो हे ओळखणे, हाही गणिताचाच धडा होय.

आपल्या मुली सहावी-सातवीत गणिताला भिऊ लागतात. पुढे हिशेब येत नाही म्हणून दुसरा सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. तेव्हा या सुट्टीत त्यांच्या हाती दोरी द्या, अंगणात हरभऱ्याची आणि मोहरीची रास घाला. आधी हिशेब करू द्या, मग डब्याने मापू द्या. फरक का पडला, हे त्यांनाच शोधू द्या. पाटणचा मठ आज उरला नाही. त्याचे काम मात्र घरोघरी चालवता येईल.