पॉवर ट्रान्झिस्टर आणि ॲल्युमिनियमचा उष्णता-विसर्जक : जोडणीतंत्राचा इतिहास व यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :
तंत्रविज्ञानाच्या इतिहासात शोधाचे वर्ष आणि संशोधकाचे नाव यांना मानाचे स्थान मिळते. दोन भाग एकमेकांस जोडण्याच्या रीतीची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. पॉवर ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या उष्णता-विसर्जकावर, म्हणजेच कारागिरांच्या भाषेतील हीट सिंकवर, घट्ट बसविण्याची क्रिया ही अशीच एक दुर्लक्षित बाब होय. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या, प्रामुख्याने कोरडवाहू व कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे आयुष्य बऱ्याच अंशी याच जोडणीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या जोडणीतंत्राच्या विकासाचा आढावा घेऊन त्याचे स्थानिक महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. निर्वात नलिकेकडून ट्रान्झिस्टरकडे :
निर्वात नलिकेच्या ध्वनिवर्धकात उष्णता भरपूर निर्माण होत असे. परंतु नलिका स्वतःच तप्त अवस्थेत काम करीत असल्यामुळे ती उष्णता काचेतून सभोवती निघून जाई. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील दशकात अधिक शक्तीचे ट्रान्झिस्टर बाजारात आले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता सर्व उष्णता काही मिलिमीटर आकाराच्या स्फटिकात निर्माण होऊ लागली. जर्मेनियमचा स्फटिक सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअसपलीकडे टिकत नसे. तापमान वाढले की विद्युत्प्रवाह वाढे, प्रवाह वाढला की तापमान आणखी वाढे आणि या दुष्टचक्रात ट्रान्झिस्टर जळून जाई. १९५४ मध्ये आलेल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरने ही मर्यादा १५० ते २०० अंशांपर्यंत वाढविली. तथापि उष्णतेला बाहेर जाण्यासाठी वाट करून देण्याची गरज कायम राहिली. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन सुरू केले. पुढे बॅटरीवर चालणारे ट्रान्झिस्टर ध्वनिवर्धक आल्याने वीज न पोहोचलेल्या गावातही कीर्तन, उत्सव व निवडणूक सभांचा आवाज दूरवर जाऊ लागला.

२. अभ्रक, ग्रीस आणि स्क्रू :
१९६० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने आणलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर जगभरच्या ध्वनिवर्धकांत रूढ झाला. त्याचे टीओ-३ हे धातूचे कवच दोन स्क्रूंनी ॲल्युमिनियमवर बसविले जाते. हे कवच आतून कलेक्टरशी जोडलेले असल्यामुळे एक पेच उद्भवतो : उष्णता ॲल्युमिनियममध्ये गेली पाहिजे, पण वीज जाता कामा नये. हा पेच अभ्रकाच्या पातळ चकतीने सोडविला. अभ्रक उत्तम विद्युत्‌रोधक असून कागदासारखा पातळ सोलता येतो व उच्च तापमान सहन करतो. पत्री अभ्रकाच्या जागतिक पुरवठ्यात दीर्घकाळ अग्रेसर असलेला कोडरमा-हजारीबागचा पट्टा भारतातीलच, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या धातूच्या दोन पृष्ठभागांमध्येही सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतील हवा ॲल्युमिनियमच्या तुलनेत हजारो पटींनी मंद उष्णतावाहक असते. या पोकळ्या भरण्यासाठी सिलिकॉन ग्रीसचा अत्यंत पातळ थर दिला जातो. जाड थर मात्र स्वतःच अडथळा ठरतो. छिद्राच्या कडेची बारीक कीस राहिली तर ती अभ्रकाला भोक पाडते. म्हणून छिद्राचे तोंड साफ करणे, स्क्रूला विद्युत्‌रोधक बुश घालणे आणि शेवटी मल्टिमीटरने कवच व ॲल्युमिनियम यांच्यात संपर्क नसल्याची खात्री करणे, हा क्रम ठरून गेला. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादी स्क्रूच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. तापण्या-थंडावण्याच्या आवर्तनांत जोड सैल होऊ नये म्हणून स्प्रिंग वॉशर वापरतात. पुढे आलेल्या एका स्क्रूच्या टीओ-२२० कवचात उलट धोका असतो : स्क्रू अति आवळल्यास पत्रा वाकतो आणि स्फटिकाखालचा भाग नेमका उचलला जातो. त्यामुळे स्फटिकाच्या वरच दाब देणाऱ्या क्लिपा प्रचारात आल्या.

३. यवतमाळच्या उन्हाळ्यातील गणित :
मे महिन्यात यवतमाळचे तापमान काही दिवशी ४५ अंशांच्या आसपास जाते. ३० वॅट उष्णता निर्माण करणारा एक २एन३०५५ उदाहरणादाखल घेऊ. स्फटिकापासून कवचापर्यंतचा उष्णतारोध प्रतिवॅट १.५ अंश, ग्रीस लावलेल्या अभ्रकाचा सुमारे ०.४ आणि मध्यम आकाराच्या उष्णता-विसर्जकाचा २ अंश धरला, तर स्फटिकाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ११७ अंशांनी वाढते. ४५ अंशांच्या हवेत ते १६२ अंश होते. ग्रीस न लावल्यास अभ्रकाचा रोध सुमारे १.३ होतो व स्फटिक १८९ अंशांवर पोहोचतो. बंद पेटीतील हवा ५५ अंशांवर गेली, तर हाच आकडा १९९ होतो. मर्यादा आहे २००. थंड हवेच्या प्रदेशात खपून जाणारी हयगय येथे खपत नाही, हे यावरून दिसून येते.

४. भारनियमन ते सौर पंप :
२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दररोज अनेक तासांचे भारनियमन अनुभवले. या काळात घरे, दुकाने व दवाखान्यांत इन्व्हर्टर आले. त्यांत अनेक मॉस्फेट एका ओळीत ॲल्युमिनियमवर बसविलेले असतात. काही रचनांत अभ्रक गाळून ते थेट बसवितात. तेव्हा उष्णता-विसर्जकातच वीज असते आणि दोन विसर्जक एकमेकांस टेकू न देण्याची दक्षता घ्यावी लागते. ओळीतील एकाचा जोड सैल राहिला तर तो आधी निकामी होतो व त्याचा भार इतरांवर पडून सारी ओळ जळू शकते.

जयंत बालिगा यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केलेल्या आयजीबीटीने मोठ्या शक्तीच्या नियंत्रणाचा मार्ग खुला केला. २०१९ मध्ये सुरू झालेली पीएम-कुसुम योजना आणि २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे असे अर्धवाहक थेट शेतात पोहोचले आहेत. सौर पंपाचा नियंत्रक सर्वाधिक काम करतो तो भर दुपारी, म्हणजे हवा सर्वांत तप्त असताना. त्याच्या पंख्या धुळीने बुजल्या अथवा पेटी उन्हात राहिली, तर ऐन सिंचनाच्या वेळी पंप थांबतो.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, पॉवर ट्रान्झिस्टरचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात उष्णतेच्या मार्गाचा इतिहास आहे. दुसरी, नळीतून निघून तबकडीवर आलेले हे ज्ञान पुस्तकांइतकेच दुरुस्ती-कारागिरांच्या हातांनी जतन केले. तिसरी, आधुनिक आयजीबीटी मॉड्यूलमध्ये विद्युत्‌रोधक थर कारखान्यातच बसविला जात असल्याने अभ्रकाची चकती अनावश्यक ठरली. परंतु मॉड्यूल व ॲल्युमिनियम यांच्यातील जोड आजही माणसाच्या हाती आहे. म्हणून सौर पंप तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात ग्रीसचा थर, स्क्रूचा योग्य ताण, पंख्यांची सफाई आणि नियंत्रकास सावली या साध्या गोष्टींना अभ्यासक्रमाचे स्थान मिळणे आवश्यक आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पिकाला वेळेवर मिळणाऱ्या पाण्याचा प्रश्न या इवल्याशा जोडाशी निगडित आहे.