पोलिसांवरील खटले आणि निवाड्यावरील दबाव (दिल्ली परिसर)

फौजदारी खटल्यात ज्यूरी बसवण्याची पद्धत भारतात आता नाही. तिचे उरलेसुरले अवशेष १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने काढून टाकले. आज त्या जातीचे काही शिल्लक असेल तर ते पारशी विवाह न्यायालयांतील प्रतिनिधी. (ज्यूरीला मराठीत ‘पंच’ म्हणत असले, तरी पंचनाम्यावर सही करणारा पंच तो हा नव्हे. पंचनाम्याचा पंच साक्षीदार असतो, त्याला कोणी निवाडा विचारत नाही.) गाजलेल्या पोलीस खटल्यात ज्यूरीवर लोकांचा आणि सत्तेचा दबाव येतो, हा अमेरिकेतला नेहमीचा वाद. १९९२ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांवरचा खटला शहराबाहेर सिमी व्हॅलीत नेला गेला, ज्यूरीने एकाही आरोपीला दोषी ठरवले नाही आणि शहर पेटले. २०२१ साली मिनिअ‍ॅपोलिसच्या खटल्यात ज्यूरर्सची नावेच गुप्त ठेवावी लागली. दिल्ली, गाझियाबाद, मेरठ या पट्ट्यात निवाडा करणारा एकटा न्यायाधीश. तिथे दबाव निवाड्याच्या कितीतरी आधी, कागदावर आणि वेळेवर येतो.

ज्यूरी असताना काय होई, हे मुंबईला ठाऊक आहे. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उघडपणे लढवली आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ज्यूरी पुढेही काही वर्षे काही ठिकाणी बसत होती.

दिल्ली परिसरातले ठळक उदाहरण हाशिमपुऱ्याचे. मेरठमध्ये दंगल चालू असताना २२ मे १९८७ रोजी, रमजानमधल्या शुक्रवारी, हाशिमपुरा मोहल्ल्याची झडती झाली. छायाचित्रकार प्रवीण जैन यांनी हात वर करून चाललेल्या माणसांची टिपलेली छायाचित्रे पुढे खटल्यात पुराव्यात आली. प्रांतीय सशस्त्र पोलिसांच्या (पीएसी) ४१ व्या बटालियनच्या जवानांनी चाळीसहून अधिक मुसलमान पुरुषांना ट्रकमध्ये भरले, मुरादनगरजवळ गंगेच्या कालव्यावर आणि नंतर गाझियाबादच्या मकनपूरजवळ गोळ्या घालून पाण्यात टाकले. पाच जण मेल्याचे सोंग घेऊन वाचले. गाझियाबादचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक विभूती नारायण राय यांनी गुन्हे नोंदवून घेतले. या प्रकरणावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

तपास मात्र राज्याच्याच सीआयडीकडे गेला आणि आरोपपत्र गाझियाबादच्या न्यायालयात यायला १९९६ उजाडले. आरोपी १९. त्यांच्यावर २३ वेळा जामीनपात्र आणि १७ वेळा अजामीनपात्र वॉरंटे निघाली, तरी ते हजर होईनात. २००० साली शरण आले, जामिनावर सुटले आणि नोकरीवर परतले. सरकारी नोकरीत असलेली, दरमहा पगार घेणारी माणसे सरकारलाच सापडत नव्हती! या काळात लखनौत काँग्रेस, जनता दल, भाजप, समाजवादी पक्ष, बहुजन समाज पक्ष असे सगळ्यांचे राज्य येऊन गेले. त्यामुळे राजकीय दबाव म्हणजे कुणा एका मंत्र्याचा फोन, असा अर्थ इथे घेऊन चालत नाही. काही न करणे एवढे पुरेसे होते.

मृतांच्या नातेवाइकांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये खटला दिल्लीला, तीस हजारीत हलवला. एका राज्यातला खटला दुसऱ्या राज्यात नेण्याचा हा अधिकार तेव्हाच्या संहितेच्या कलम ४०६ खालचा. स्थानिक वाऱ्यापासून खटला वाचवायला भारतात हेच मुख्य साधन आहे. पण न्यायालय बदलले तरी सरकारी वकील नेमायचा उत्तर प्रदेश सरकारनेच. त्या नेमणुकीत दोन वर्षे गेली आणि आरोपनिश्चिती २००६ मध्ये झाली. दरम्यान जुनी कागदपत्रे नियमानुसार नष्ट झाल्याची उत्तरे येत होती. २००७ साली वाचलेल्यांनी आणि नातेवाइकांनी लखनौला जाऊन माहिती अधिकाराखाली शेकडो अर्ज केले. आरोपी नोकरीत असून त्यांच्या गोपनीय अहवालांत या खटल्याचा उल्लेखही नाही, हे त्यातून बाहेर आले.

२१ मार्च २०१५ रोजी तीस हजारी न्यायालयाने हयात असलेल्या १६ आरोपींना संशयाचा फायदा देऊन सोडले. हत्याकांड झाले, पीएसीने केले, हे न्यायालयाला मान्य होते. पण त्या ट्रकमध्ये हेच जवान होते, हे सिद्ध झाले नव्हते. या निवाड्यावर टीका खूप झाली. पण दोष निवाड्याहून अधिक समोर आलेल्या पुराव्याचा होता. अपिलात राष्ट्रीय मानवाधिकार आयोग उतरला आणि २०१८ मध्ये, घटनेनंतर ३१ वर्षांनी, बटालियनच्या मेरठमधील मुक्कामाची जनरल डायरी दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली. कोणत्या ट्रकबरोबर कोण जवान शस्त्रासह गेले, याच्या नोंदी तिच्यात होत्या. न्या. एस. मुरलीधर आणि न्या. विनोद गोयल यांनी ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १६ जणांना जन्मठेप दिली. मृतांची संख्या निकालात ३८ धरली आहे. ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच खात्याच्या कपाटात पुरावा, ही या खटल्याची खरी गाठ.

शेजारी ठेवून वाचावा असा दुसरा खटला कॅनॉट प्लेस चकमकीचा. ३१ मार्च १९९७ रोजी बाराखंबा रोडवर भर दुपारी दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या पथकाने निळ्या मारुती एस्टीमवर गोळीबार केला. गाडीत हवा असलेला गुंड आहे, असा त्यांचा समज होता. मेले ते दोन व्यापारी, तिसरा जखमी झाला. गाडीतून आधी गोळी सुटली, हा पोलिसांचा दावा तपासात टिकला नाही. पिस्तूल मागाहून ठेवलेले निघाले. राजधानीच्या मधोमध घडलेले, व्यापारी समाज रस्त्यावर आलेला, वर्तमानपत्रे रोज पहिल्या पानावर. पोलीस आयुक्त निखिल कुमार यांना जावे लागले आणि तपास लगेच सीबीआयकडे गेला. ऑक्टोबर २००७ मध्ये सहायक आयुक्त एस. एस. राठी यांच्यासह १० जणांना जन्मठेप झाली. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

इथे साडेदहा वर्षांत दोषसिद्धी, तिथे साडेएकतीस. दोन्ही खटल्यांत फरक पडला तो तपास कोणाकडे गेला आणि रस्त्यावर कोण उतरू शकले, यामुळे. लोकांच्या दबावाला न्यायाचा शत्रू मानण्याची सवय नानावटी खटल्याने लावली. बाराखंबा रोडच्या बाबतीत त्याच दबावाने पोलिसांचा तपास पोलिसांच्या हातून काढून घेतला. हाशिमपुऱ्याच्या मागे असा जोर उभा राहिला नाही. नातेवाईक मात्र तारखांना मेरठहून दिल्लीला येत राहिले.

उच्च न्यायालयाच्या निकालावरील अपिले प्रलंबित असताना सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी हाशिमपुरा खटल्यातील आठ दोषींना जामीन दिला.