तुळजापूर

धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व तुळजाभवानीचे क्षेत्र. बालाघाट डोंगररांगेतील यमुनाचल टेकडीवर, सोलापूर–धुळे महामार्गालगत, सोलापूरपासून सुमारे 45 किमी. अंतरावर वसले आहे. कोल्हापूर, तुळजापूर व माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशा साडेतीन शक्तिपीठांत त्याची गणना होते.

मंदिर टेकडीच्या उतारात आहे, त्यामुळे महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जावे लागते. वाटेत कल्लोळ तीर्थ व गोमुख तीर्थ लागते. सगळ्या तीर्थांचे पाणी कल्लोळात एकवटले आहे, अशी श्रद्धा असून भाविक तेथे हातपाय धुऊन पुढे जातात. निंबाळकर दरवाजा ओलांडला की हेमाडपंती बांधणीचे मुख्य देऊळ दिसते.

गाभाऱ्यातील मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची, गंडकी शिळेची आहे. देवीच्या त्रिशूळाखाली महिषासुर आणि शेजारी तप करणारी अनुभूती कोरलेली आहे. कर्दम ऋषींच्या मागे तपाला बसलेल्या या त्यांच्या पत्नीला कुकर नावाच्या दैत्याने छळले. तिच्या हाकेला देवी तत्काळ धावली आणि रेड्याचे रूप घेतलेल्या दैत्याला तिने मारले, अशी स्थलकथा आहे.

ही मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून उचलता येते आणि वर्षातून तीनदा पलंगावर निजवली जाते. नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्यात घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रम निद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. पुराणांनी देवीचे सामर्थ्य अपार म्हटले, तरी दैत्याशी लढून ती थकते आणि तिला विसावा द्यावा लागतो, ही समज तुळजापूरने जपली. क्षेत्राचे खरे वेगळेपण यातच आहे. येथील भक्ती दरारा आणि माया यांच्या मधोमध उभी आहे. देवीला ‘आई’ म्हणणारा माणूस तिच्या झोपेचीही काळजी घेतो.

श्रम निद्रेआधीचे सीमोल्लंघन हा वर्षातला सर्वांत मोठा सोहळा. दसऱ्याच्या पहाटे मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती साड्यांचे जाड दिंड गुंडाळतात. मग तिला पालखीत बसवून मंदिराला प्रदक्षिणा घालतात. संबळ वाजत असतो, ‘आई राजा उदो उदो’चा गजर चालू असतो आणि कुंकवाची उधळण इतकी होते की फरशी लाल होते. पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. तिचा मान तेली समाजाकडे आहे. पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून जुन्नरमार्गे निघतो आणि गावोगाव मुक्काम करत तुळजापुरी पोचतो.

मानांची ही वाटणी क्षेत्रात सर्वत्र दिसते. पूजेचा हक्क भोपे पुजाऱ्यांकडे आहे. हे मराठा कदम घराण्यातले. त्यांच्याबरोबर पाळीकर व उपाध्ये यांची कामे ठरलेली आहेत, शिवाय महंतांचे मठ आहेत. भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला येत असे, अशी आख्यायिका आहे. देवीचा महिमा गावोगाव नेला तो मात्र आराधी आणि गोंधळी यांनी. आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, हाती परडी व पेटता पोत घेऊन जोगवा मागतात. गोंधळ्यांतील कदमराई ही शाखा तुळजाभवानीची, रेणुराई माहूरच्या रेणुकेची. क्षेत्राचा इतिहास सांगताना राजे आणि सरदारच पुढे येतात. या फिरत्या उपासकांना त्यात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

मंदिराच्या मागच्या बाजूस चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही तळवे ठेवतात. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार आणि जागीच राहिला तर कामाला विलंब, असा कौल मानतात. शिवाजी महाराज मोहिमेपूर्वी येथे कौल घेत, असे लोक सांगतात. दिवाळीच्या अमावास्येला काळभैरवाच्या ठाण्यावरून पेटती भेंडोळी देवीच्या देवळात आणतात. नवरात्राआधी मराठवाडा, सोलापूर व कर्नाटकातील तरुण येथून ज्योत पेटवून पायी आपल्या गावी नेतात.

तुळजाभवानी ही भोसले घराण्याची कुलदेवता. 1659 मध्ये अफजलखानाने स्वारीच्या वाटेवर तुळजापूरला उपद्रव दिला, असे सभासद बखर सांगते. पुजाऱ्यांनी मूळ मूर्ती आधीच लपवली होती, ही स्थानिक परंपरा. पुढे शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. नवरात्रातील एका अलंकार पूजेत देवी महाराजांना तलवार देताना दाखवतात. हैदराबाद संस्थानाच्या काळात, 1909 मध्ये, देवळाच्या कारभारासाठी ‘देऊळ-ए-कवायत’ ही नियमावली झाली. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. आज मंदिर संस्थानाच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात.

दर्शनाला वर्षभर गर्दी असते. मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमेला ती वाढते. कोजागरीला सोलापूरकडून अनवाणी चालत येणाऱ्यांची रांग महामार्गावर रात्रभर असते. सीमोल्लंघन पाहायचे असल्यास आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचावे.