मिठाचा हक्क आणि मिठाचा संयम



धन्याशीं इमान राखणाऱ्याला आपण 'खाल्ल्या मिठाला जागला' असें म्हणतों, आणि ज्या भाषणांत रस नाहीं त्याला 'अळणी' म्हणतों. भाषेंत मिठाला एवढा मान. पण पानांत त्याला जागा चिमटीएवढीच. शेजारीं लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर. ही मांडणी अर्थशून्य नाहीं. रुचीचा भार एकट्या मिठावर टाकूं नये, हेंच ती सांगते.

हा विचार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तूंचें अतिसेवन वर्ज्य सांगितलें आहे. आणि बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधु, सौवीर या देशांचे लोक दुधाबरोबरही मीठ खातात, असा दाखला दिला आहे. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांतील पाकप्रकरणांत हिंग व मिरें यांचा सढळ उपयोग दिसतो. मिरची तेव्हां आपल्याकडे नव्हतीच; ती पुढें पोर्तुगीजांच्या काळांत अमेरिकेकडून आली.

आमचें नाशिक समुद्रापासून दूर. कोंकणांतील मिठागरांचें मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई. १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि ही वाट सोपी झाली. परंतु वाट सोपी झाली तरी कराचा घाट उभाच होता. १८८८ पासून मिठावर मणामागें अडीच रुपये कर होता. ज्याची भाजीभाकरी हीच सारी मेजवानी, त्या गरिबाला हा कर सर्वांत जड. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत हा कर कमी करण्याची मागणी केली. दुसऱ्याच वर्षीं तो दोन रुपयांवर आला, आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर उतरला. १९२३ सालीं तो पुन्हां अडीच रुपये झाला, व वर्षभरानें निम्म्यावर आणावा लागला. पुढें १९३० सालीं दांडी येथें महात्माजींनीं कायदा मोडला. आपल्याकडे विलेपार्लें, वडाळा व शिरोडें येथें लोकांनीं लाठ्या आणि तुरुंगवास सोसला. १९४७ सालीं हा कर गेला.

यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेंत कस्तुरबांच्या आजारांत महात्माजींनीं त्यांना मीठ व डाळ सोडण्यास सांगितलें. "तुम्हांला तरी हें सोडवेल काय?" अशा अर्थाचें उत्तर येतांच त्यांनीं स्वतःच दोन्ही वर्ज्य केलीं, आणि तो नेम हिंदुस्थानांत परतल्यावरही चालविला. ज्यानें स्वतः अनेक वर्षें मीठ सोडलें, त्यानेंच पुढें लोकांसाठीं मिठाचा लढा दिला. हक्क वेगळा आणि हव्यास वेगळा, हा भेद यांत स्पष्ट दिसतो.

आज हक्क मिळाला आहे. प्रश्न उरला आहे तो हव्यासाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पांच ग्रॅमपेक्षां कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी, मीठ सांगते. अधिक मिठानें रक्तदाब वाढतो, आणि त्यापायीं हृदयविकार व अर्धांगवायु ओढवतात. शेंदेलोण घेतलें म्हणजे सुटका झाली, हा समज खोटा. तेंही बहुतांशीं तेंच मीठ. शिवाय पापड, लोणचें, फरसाण यांतून जें मीठ पोटांत जातें, तें मोजलेंच जात नाहीं.

उपाय आपल्या परड्यांत आहे. आंबट रस आणि ताजा सुगंध मिठाची उणीव झांकतात. वरणांत मीठ निम्मे घालून वरून लिंबू पिळावें. चुक्याची भाजी, अंबाडी, आमसूल यांचा आंबटपणा कामीं लावावा. फोडणींत कढीलिंब, लसूण व आलें, आणि उतरल्यावर भरपूर कोथिंबीर घालावी. आमच्या जिल्ह्यांतील कोथिंबीर मुंबईच्या बाजारांत जाते. ती आपल्या स्वयंपाकघरांत कां कमी पडावी? कारळ्याची व जवसाची चटणीही अल्प मिठानें रुचते. प्रारंभीं जेवण अळणी वाटेल, पण कांहीं आठवड्यांत जीभ सरावते. जें मीठ वापरावयाचें तें आयोडीनयुक्त असावें. आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून आहारांत फेरफार करूं नये.

पूर्वजांनीं मिठासाठीं तुरुंग सोसला, तो गरिबाच्या भाकरीसाठीं. ती भाकरी खाणारा दीर्घायुषी व्हावा, एवढें काम आतां आपल्या हातीं आहे.